डावा पाय

"आता पाय कसा वाटतोय?" डॉक्टर विजयालक्ष्मींनी विचारलं.

"वाटतच नाहीये," श्रीरंजनी म्हणाली.

"थांबू नका. अजून थोडं. मी सांगेपर्यंत."

ती थांबली नाही. एग्मोरच्या त्या इस्पितळाच्या तळमजल्यावर एका खोलीत तिचीच सायकल स्टँडवर पक्की बसवली होती. मागचं चाक भणाणत होतं आणि सायकल जागची हलत नव्हती. शर्यतीत वाकते तशीच ओणवी होऊन ती हँडलवर पसरली होती. अगदी तसंच वाक, जराही सैल सोडू नकोस, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उजव्या पायाची आग होत होती, आणि ती व्हायलाच हवी होती. डावा मात्र मांडीपासून खाली कुणीतरी काढून नेल्यासारखा झाला होता. पेडल खाली जाताना दिसत होतं, म्हणून पाय तिथं आहे एवढं कळत होतं.

"बस्स. उतरा. लगेच आडव्या व्हा, लगेच!"

दोघा मदतनिसांनी तिला जवळजवळ उचलूनच पलंगावर घेतलं आणि दोन्ही घोट्यांना रक्तदाबाचे पट्टे गुंडाळले. उजव्याचा दाब डॉक्टरांनी सहज वाचला. डाव्याचा वाचला आणि म्हणाल्या, "परत घ्या." परत घेतला. मग त्या तिच्या पायाशी आल्या.

"उठून बसा. तुमचा डावा पाय हातात धरून बघा."

श्रीरंजनीनं धरला. सकाळच्या वेळी नळाच्या तोटीला हात लावावा तसा तो गार होता. इतकी वर्षं हा पाय असा व्हायचा तेव्हा बहुतेक वेळा तिचे हात हँडलवर असायचे. पाय हाती धरून बघायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

"कमरेतून मांडीत उतरणारी रक्ताची मोठी नळी असते," डॉक्टर तमिळमध्ये सावकाश सांगू लागल्या. "तुमची आतून जाड होऊन अरुंद झालीय, आणि वाकल्यावर ती मुडपते. बसल्या जागी काही कळणार नाही. चालताना, जिना चढताना, हळू सायकल चालवतानाही नाही. जीव तोडून सायकल मारलीत की मग मात्र पायाला रक्त पुरत नाही. थांबलात की पाच-दहा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं. म्हणून आजवर कुणाला सापडलं नाही. सगळ्यांनी तुम्हाला झोपवून तपासलं असणार."

"म्हणजे हे मनाचं नाही?"

"मनाचं? कोण म्हणालं?"

"कशानं होतं हे?" तिनं विचारलं.

"सायकलनं. इतकी वर्षं, इतकं वाकून, इतक्या जोरानं. सगळ्यांना नाही होत, पण ज्यांना होतं त्यांना यानंच होतं. फार लहानपणी सुरू केलंत ना?"

"बाराव्या वर्षी."

"कुणी शिकवलं?"

"वडिलांनी."

"चांगलीच मेहनत करून घेतली असणार," डॉक्टर म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. ती नळी कापून रुंद करता येते, शस्त्रक्रिया मोठी असते, पण पुन्हा पहिल्यासारखी शर्यत जमेलच असं सांगता येत नाही. आणि शर्यती सोडल्या तर काहीच करायची गरज नाही, चाला, पोहा, मजेत राहा, असंही त्यांनी सांगितलं. तिचं वय चौतीस आहे हे त्यांच्यासमोरच्या कागदावर होतंच.

बोलणं संपलं तेव्हा काहीतरी विचारायला हवं असं श्रीरंजनीला वाटलं.

"मी कपडे बदलू का?" तिनं विचारलं.

बाहेर बाकावर तिचा नवरा मंदार बसला होता. तो मूळचा नाशिकचा. वेलचेरीत त्यांचं घर होतं आणि तिथून जवळच त्याची कंपनी. लग्नाला सहा वर्षं झाली होती, तरी तिच्या माहेरची तंजावरी मराठी अजून त्याच्या कानावर पडली की त्याला हसू यायचं. सासऱ्यांसमोर तो ते दाबायचा. आज तो हसण्याच्या बेतात नव्हता. तिनं सांगितलेलं सगळं त्यानं उभ्यानंच ऐकलं.

"मग सांग ना तुझ्या अप्पांना," तो म्हणाला. "आजच सांग. नऊ वर्षं तू स्वतःला भित्री समजत आलीस, रंजू. माझ्याशी लग्न करतानासुद्धा तू मला पहिल्यांदा तेच सांगितलंस, आठवतंय? मी ऐन वेळी सोडून देणारी आहे, असं."

"आठवतंय."

"तुला राग नाही येत?"

ती विचार करून म्हणाली, "यायला पाहिजे ना?"

"मी येतो आवडीला."

"नको. मी एकटीच जात्यें." एरवी ती त्याच्याशी त्याच्यासारखं बोलायची, माहेरच्या आवडी गावाचं नाव निघालं की जीभ आपोआप तिथली व्हायची.

सेंट्रलहून आवडीची लोकल दुपारची होती, डब्यात फारसं कुणी नव्हतं. तिनं खिडकीशी बसून दोन्ही पाय पुढं केले. दोन्ही सारखेच दिसत होते.

अप्पा, म्हणजे चंद्रमौळी राव, आवडीच्या संरक्षण कारखान्यात तपासनीस होते. मोठमोठ्या गाड्यांचे सुटे भाग त्यांच्या हाताखालून जायचे. तरुणपणी ते कारखान्याच्या संघातून पोहत. क्वार्टर्सच्या तलावात त्यांनी आपल्या मुलीला चार वर्षांची असताना सोडलं, आणि ती बुडली नाही हे बघून त्यांच्या डोक्यात जे शिरलं ते मग निघालं नाही. पोहायचं, अंग ओलं असतानाच सायकलवर बसायचं, सायकल टाकून धावायचं, हे सारं एका दमात करण्याचा खेळ असतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं. त्या काळी आवडीत त्या खेळाचं नाव घेतलं तर लोक परत विचारायचे. अप्पांनी सायकल आणली, पुस्तकं आणली. उजाडण्याआधी ते तिला स्कूटरवर मागे बसवून समुद्रावर न्यायचे, आणि सायकलच्या दिवशी महाबलीपुरमच्या रस्त्यावर तिच्या मागोमाग स्कूटर चालवायचे. "वाक. आणिक वाक. वारा तुझा शत्रू आहे," असं मागून ओरडायचे. ती वाकायची.

ती चांगली होती. राज्यात कुणी तिच्या जवळपास नव्हतं, मग देशात दोघी-तिघीच उरल्या. खेळाडू म्हणून रेल्वेच्या ऑफिसात नोकरी लागली, वर्षातले कित्येक महिने सरावाची मुभा मिळाली. कझाकस्तान, जपान, फिलिपाइन्स असं ती हिंडून आली, पण त्या गावांचं तिला पाणी, रस्ते आणि चढ यांपलीकडे काही आठवत नाही. दंडावर आकडे रंगवलेले, तोंडाला खारट साखरेची चव, आणि नखं काळी पडलेली, असं तिचं वीस ते चौतीसपर्यंतचं वय गेलं.

मग ती निवडीची शर्यत आली. कोवलमच्या पुढं, त्याच महाबलीपुरमच्या समुद्राकाठच्या रस्त्यावर. पहिल्या दोघी आशियाई स्पर्धेला जाणार होत्या. पोहून ती पहिली बाहेर आली, सायकलच्या शेवटच्या फेरीपर्यंत दुसरी होती. आणि मग डावा पाय गेला. सायकल ठेवून, बूट चढवून ती धावायला निघाली. थोडं अंतर गेली आणि पाय मागे फरपटायला लागला. पाण्याच्या टेबलाशी ती रस्त्याच्या कडेला बसली.

अप्पा दोरी ओलांडून आले. "ऊठ," म्हणाले.

"अप्पा, पायच नाहीं."

ते खाली बसले, अंगठ्यानं पोटरी दाबून बघितली, गुडघा वाकवून बघितला. "येथें दुखतें? येथें?" कुठंच दुखत नव्हतं. तोवर बसल्या बसल्या पायात जीव आला होता. तिथले डॉक्टर आले, त्यांनाही काही दिसलं नाही. ती उभी राहिली. चालली. खरं तर त्या क्षणी तिला धावताही आलं असतं, आणि हे अप्पांना कळलं, तिलाही कळलं. बाकीच्या मुली समोरून धावत गेल्या.

गाडीत बसल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "तूं सोडलीस."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पुन्हा कधी त्या विषयावर बोलले नाहीत, आणि पुन्हा कधी तिच्या मागोमाग स्कूटर घेऊन आले नाहीत. तिनं शर्यती सोडल्या नाहीत. ती मानसोपचारतज्ज्ञाकडे गेली, पाठीची तपासणी करून घेतली, श्वासाचे व्यायाम केले. पाय जायला लागला की तिला वाटायचं, आली आपली भीती. मग ती जोर जरासा कमी करायची, पाय परत यायचा, आणि ती सातवी, नववी, अकरावी यायची. वर्तमानपत्रात तिच्याविषयी लिहून आलं तर तिला सातत्यपूर्ण म्हणत. गेल्या थंडीत एका शर्यतीत सायकलवरून उतरताना पाय पेडलमधून निघेना आणि ती आडवी पडली. तिथल्या एका फिजिओथेरपिस्टनं ती पडल्या पडल्या तिच्या पावलाचा रंग बघितला आणि म्हणाला, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना दाखवा. एवढंच. ज्या गोष्टीला नऊ वर्षं लागली तिला एक नजर पुरली.

आता लोकलमध्ये तिनं वाक्य जुळवलं. अप्पा, मी सोडली नव्हती. तुम्ही जें करविलेंत त्यानेंच झालें. ते मनाशी दोन-तीनदा म्हणून बघितलं. अप्पांचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांपुढं आणून बघितलं. आपल्याला बरं वाटेल असं तिला वाटत होतं, पण त्याचीही काही चाहूल लागेना. दाढ काढायच्या आधी गाल बधिर करतात आणि मग आपण स्वतःच बोटानं चाचपत राहतो, तसं चाललं होतं.

अप्पा ओसरीवर टेबलफॅन उघडून बसले होते. वर्तमानपत्रावर स्क्रू ओळीनं मांडलेले. सत्तरी उलटली होती, पण हात अजून थरथरत नव्हते.

"काय गे, मध्येंच? ऑफिसास सुट्टी कां?"

"डॉक्टरकडे गेली होतीं."

आतून अम्मा आली, ओल्या हातांनी. वसंताअम्मा तिला बघून आधी नेहमीचं बोलली, "वाळलीस. सांबार-भात आहे, आधीं जेव." मग डॉक्टर हा शब्द तिच्यापर्यंत पोचला आणि ती दारातच थांबली.

"पायास रक्त पोचत नाहीं," श्रीरंजनी म्हणाली. "सायकल जोरात चालविली तर. मांडींतली नळी अरुंद आहे. आज मशीन लावून पाहिलें. स्पष्ट दिसलें. त्या वेळींही तेंच झालें होतें. कोवलमला."

अप्पांनी हातातला स्क्रू वर्तमानपत्रावर ठेवला नाही, तसाच धरून ठेवला.

"डावा," ते म्हणाले.

"डावा."

"कशानें?"

त्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा तिनं बघितला. तो तिच्या ओळखीचा होता. कारखान्यात एखादा भाग मोडून परत आला की घरी जेवतानाही अप्पांचा चेहरा असाच असायचा. कुठं मोडला, कशानं मोडला, कुणाच्या हाताखालून गेला, असं एकेक पाऊल मागे जात जात ते त्या माणसापर्यंत पोचायचे, आणि पोचेपर्यंत त्यांना झोप लागायची नाही. एकदा तो माणूस ते स्वतःच निघाले होते. तेव्हा त्यांनी साहेबांकडे जाऊन आपणहून सांगितलं होतं, आणि नंतर पुष्कळ दिवस ते जेवताना मान वर करत नसत.

वाक्य तोंडात तयार होतं.

"जन्मतःच आहे, म्हणाली डॉक्टर," श्रीरंजनी म्हणाली.

"जन्मतः?"

"होय. काहीं जणांस असतें."

अप्पा त्या उघड्या पंख्याकडे वळले. मग म्हणाले, "माझे अम्मास होतें असें. चालतां चालतां बसत होती. देवळास जातांना दोन ठिकाणीं बसत होती."

"तुमची अम्मा लठ्ठ होती म्हणून बसत होती," वसंताअम्मा दारातून म्हणाली.

"पोदुम, पुरे तुझें. तुला काय ठाऊक? डावाच पाय दाबीत होती ती, मी पाहिलों आहें." त्यांच्या आवाजाला एकाएकी जोर आला. "आमचे घराण्यांतलें आहे तें. रक्तांतलें. मग कोणाची चूक नाहीं यांत."

"नाहीं."

"सायकल?"

"बंद. शर्यती बंद. पोहायला हरकत नाहीं."

"आतां तरी सकाळीं झोपशील," अम्मा म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली.

अप्पांनी स्क्रू खाली ठेवला. तो ओळीत नीट बसवला. मग वर न बघता म्हणाले, "तर तूं सोडली नव्हतीस."

हे वाक्य कसं येईल याची तिनं नऊ वर्षांत किती रूपं केली होती. कधी ते फोनवर यायचं, कधी बक्षीस घेताना, कधी अप्पा आजारी असताना. आता ते आलं होतं, ओसरीवर, पंख्याची पाती भिंतीला टेकवून ठेवलेली असताना. आता काही वाटेल म्हणून ती वाट बघत राहिली. शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. पुढच्या गल्लीत कुणीतरी केळीची पानं विकत ओरडत गेलं.

"नाहीं अप्पा," ती म्हणाली. "नव्हती सोडली."

ती जेवली. अम्मानं वाढलं तेवढं सगळं जेवली. अप्पा मधूनमधून आत येत होते, परत जात होते. ती जायला निघाली तेव्हा ते शर्ट घालून तयार होते.

"स्टेशनपर्यंत येतों."

ते गेल्या कित्येक वर्षांत आले नव्हते. रस्ता दहा मिनिटांचा, पण त्यांना अर्धा तास लागला, कारण ते प्रत्येक फाटकापाशी थांबत होते. कारखान्यातले जुने सोबती, त्यांच्या बायका, इस्त्रीवाला, सगळ्यांना त्यांनी तमिळमध्ये तेच सांगितलं. आमची मुलगी त्या वर्षी सोडून आली नव्हती. जन्मापासून पायाला रक्त कमी. आज डॉक्टरांनी शोधलं. घराण्यातलंच आहे, माझ्या आईला होतं. लोकांना ते वर्ष आठवतही नव्हतं. तरी ते "अय्यो, असं का," म्हणत तिच्या पायाकडे बघत होते. ती वडिलांच्या मागे एक पाऊल ठेवून उभी राहायची, आपल्याच घरच्या समाचाराला आलेल्या लोकांपुढं उभं राहावं तशी. मग ते पुढं निघायचे. त्यांच्या चालीला चाल मिळवायला तिला फार हळू चालावं लागत होतं.

मध्येच मंदारचा फोन आला.

"सांगितलंस?"

"हो."

"सगळं?"

"हो. नंतर बोलू," ती म्हणाली, आणि फोन पिशवीत टाकला.

स्टेशनच्या जिन्याशी अप्पा तिच्या खांद्यावरची पिशवी ओढू लागले. लहानपणी सायकलचं चाक पंक्चर झालं तर ती सायकल तिनंच खांद्यावर घेऊन यायची, असा त्यांचा नियम होता. ती पिशवी सोडेना.

"दे. पाय आहे तुझा."

तिनं दिली. ते एकेक पायरी थांबत चढले, आणि प्रत्येक पायरीवर मागे वळून ती येतेय ना ते बघत होते.

तिरुवळ्ळूरकडून गाडी आली. बायकांच्या डब्यात बसायला जागा नव्हती, दाराशी फुलांच्या टोपल्या ठेवून बायका दाटीनं बसलेल्या. ती आत शिरली, वरची कडी धरली. सिग्नल न मिळाल्यानं गाडी थांबून होती. अप्पांनी खिडकीच्या गजांतून पिशवी आत दिली आणि मग तिथंच उभे राहून आतल्या बायकांना तमिळमध्ये मोठ्यानं म्हणाले, "अम्मा, जरा त्या पोरीला जागा द्या. तिच्या पायाला बरं नाही."

सगळ्यांनी वर बघितलं. श्रीरंजनीच्या दंडावर, पोटऱ्यांवर, उन्हानं करपलेल्या मानेवर नजरा फिरल्या. दर सकाळी समुद्रात तासभर पोहणारं ते शरीर मधोमध कडीला धरून उभं होतं. खिडकीशी एक म्हातारी होती, मांडीवर कनकांबराच्या म्हणजे अबोलीच्या फुलांची पाटी घेऊन. तिनं पाटी उचलून डोक्यावर घेतली, गुडघ्यावर हात टेकत उठली आणि रिकाम्या जागेवर हातानं थोपटलं.

"बस गं, पोरी."

अप्पा बाहेरून बघत होते.

श्रीरंजनी बसली. म्हातारी तिच्यासमोर उभी राहिली, एका हातानं पाटी आणि दुसऱ्यानं कडी धरून. गाडी हलली. अप्पांनी मान हलवली आणि ते तिथंच थांबले, तिनं जागा सोडली नाही ना ते दिसेनासं होईपर्यंत बघत.